ओव्हन तापत नाही? आधी दुखणं शोधू या

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

 

बचत गटांची समन्वयक म्हणून मी अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या गावांत बैठकांना जाते. पूर्वी बैठकीत पापड, कोकम, आंबोशी, सुकी मासळी असे विषय निघायचे. ते आजही निघतात. पण आता बऱ्याच गटांच्या खोलीत एक नवी पाहुणी येऊन बसली आहे, विजेची भट्टी. आपण तिला ओव्हन म्हणतो. नाचणीची बिस्किटं, नानकटाई, वाढदिवसाचे केक असं सगळं त्यात होतं. शनिवार-रविवारी पर्यटक येतात, होम-स्टेवाले ऑर्डर देतात, गणपतीला मुंबईची मंडळी गावी येतात. चार पैसे हातात येतात.

आणि मग एक दिवस फोन येतो, “ताई, ओव्हन तापत नाही. काय करू?”

ओव्हन बंद पडला म्हणून कर्जाचा हप्ता काही बंद पडत नाही. मळलेलं पीठ थांबत नाही, घेतलेली आगाऊ रक्कम परत द्यावी लागते. म्हणून आज आपण ओव्हन न तापण्याची कारणं एकेक करून बघणार आहोत. कुठलं काम आपलं, कुठलं वायरमनचं, हेही ठरवून घेऊ. वही-पेन जवळ असेल तर घ्या. नसेल तरी चालेल, मी सावकाश सांगते.

आधी ओव्हन काम कसा करतो ते बघू. आपल्या आज्या काकडीचं धोंडस भाजायच्या ते आठवा. पातेलं निखाऱ्यांवर ठेवायचं, वर झाकण, झाकणावरही निखारे. खालून आच, वरून आच. ओव्हनमध्ये तेच आहे. निखाऱ्यांच्या जागी खाली-वर रॉड आहेत. या रॉडच्या पोटात निकेल आणि क्रोमियम या धातूंच्या मिश्रणाची तार गुंडाळलेली असते, तिला नायक्रोम म्हणतात. वीज तिच्यातून जाताना अडते आणि त्या अडण्यातून उष्णता होते. तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये एक पांढरी पूड ठासून भरलेली असते. ती पूड उष्णता बाहेर जाऊ देते, पण वीज बाहेर येऊ देत नाही. ही पूड लक्षात ठेवा, पुढे तिची गोष्ट येणार आहे.

आता वीज रॉडपर्यंत येते कशी? आधी प्लग, मग वायर, मग टायमर, मग खाली-वर निवडायचं बटण, मग थर्मोस्टॅट, मग रॉड. बऱ्याच ओव्हनमध्ये या वाटेवर जास्त तापल्यावर तुटणारा एक सुरक्षा-फ्यूजही असतो. ही सगळी एका माळेतली मणी आहेत. एका ठिकाणी दोरा तुटला की माळ तुटली. दुरुस्ती म्हणजे दोरा कुठे तुटलाय ते शोधणं. एवढंच.

पण शोधायच्या आधी जिवाची गोष्ट.

ओव्हनचं झाकण उघडायचं असेल तर आधी प्लग भिंतीतून बाहेर काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. गावाकडच्या वायरिंगमध्ये कधीकधी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असतं. मग बटण बंद असलं तरी आत वीज असते. काढलेला प्लग आपल्या डोळ्यांसमोर, आपल्या हाताशी ठेवायचा, म्हणजे दुसरं कोणी चुकून लावणार नाही. ओव्हन पूर्ण गार होऊ द्यायचा. हात कोरडे, पायात चप्पल, खाली फरशी कोरडी. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, असं कधीही मानू नका. टेस्टर बिघडलेलाही असू शकतो.

आणि ओव्हन हमीच्या मुदतीत असेल तर एकही स्क्रू फिरवायचा नाही. पावती काढायची आणि दुकानदाराला कळवायचं. दाद मिळाली नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

आता एकेक लक्षण घेऊ.

पहिलं लक्षण. ओव्हन अगदीच थंड, दिवाही लागत नाही. इथे आधी ओव्हनवर संशय घेऊ नका. त्या सॉकेटमध्ये इस्त्री लावून बघा. मोबाइलचा चार्जर लावून बघितलंत तर फसगत होईल, कारण चार्जरला जेमतेम वीज लागते, सैल झालेल्या सॉकेटवरही तो चालतो. इस्त्री नीट तापली तर सॉकेट ठीक आहे. इस्त्री तापली नाही तर दोष भिंतीत आहे, तिथे वायरमनच हवा.

सॉकेट ठीक असेल तर टायमर बघा. बऱ्याच ओव्हनमध्ये टायमर फिरवल्याशिवाय वीज पुढे जातच नाही. एका गटात दोन दिवस काम बंद होतं. कोणीतरी पुसताना टायमर शून्यावर नेला होता, बस्स. म्हणून कारागिराला बोलवायच्या आधी टायमर वीस मिनिटांवर, थर्मोस्टॅट मधोमध आणि निवडीचं बटण खाली-वर दोन्हींवर, असं लावून बघायचं.

मग प्लग बघा. पिन काळी पडली आहे का? प्लास्टिक वितळल्यासारखं, पिवळं झालं आहे का? जळका वास येतो का? वायर कुठे उंदराने कुरतडली आहे का, ओव्हनच्या तापत्या पाठीला चिकटली आहे का? अर्ध्याहून जास्त वेळा उत्तर इथेच सापडतं, असा माझा अनुभव आहे.

दुसरं लक्षण. दिवा लागतो, पण एकाच बाजूने भाजतं. नानकटाई वरून लाल आणि बुडाला कच्ची. इथे एक सोपी परीक्षा आहे. पावाचे काप ताटभर पसरून ठेवा आणि मधल्या आचेवर दहा मिनिटं भाजा. मग काढून उलटेसुलटे बघा. कुठला कोपरा पांढरा राहिला, कुठली बाजू करपली, ते पावच सांगतो. खालची बाजू पांढरी असेल तर खालच्या रॉडची वाट तुटली आहे. फक्त पुढचे काप पांढरे असतील तर दरवाजा नीट लागत नाही, आच तिथून पळते आहे. दरवाजाच्या फटीत कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज ओढली गेली तर तिथे फट आहे, बिजागरी किंवा स्प्रिंग बघायला हवी. ही कागदाची परीक्षा ओव्हन गार असतानाच करायची.

आणि ट्रे केवढा आहे तेही बघा. भिंतीला भिंत लागेल असा मोठा ट्रे ठेवला तर खालची आच वर जात नाही. चारही बाजूंनी दोन बोटं जागा हवी. हा दोष ओव्हनचा नाही, आपल्या ट्रेचा आहे.

अलिबाग तालुक्यातल्या एका गटाची गोष्ट सांगते. गौरी-गणपतीला पाच दिवस उरले होते आणि चाळीस किलो नानकटाईची ऑर्डर होती. खालची बाजू भाजेना. कारागीर आला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, “आतलं सगळं गेलंय, साडेतीन हजार लागतील, नाहीतर नवीनच घ्या.” गटात सगळ्यांची तोंडं उतरली. त्यांच्यात शिवणकाम करणारी एक ताई आहे. मशीनची मोटर तिने स्वतः खोलून बघितलेली. ती कारागिराला म्हणाली, “दादा, आतलं सगळं म्हणजे काय काय? आम्हाला दाखवा.” त्याला दाखवता येईना. तो गेल्यावर तिने प्लग काढला, ओव्हन गार होऊ दिला आणि मागचा पत्रा उघडला. खालच्या रॉडच्या टोकाला वायरची जी टोपी बसते, जिला लग म्हणतात, ती काळी पडून भुगा झाली होती. रॉड चांगला होता. शेजारच्या गावच्या वायरमनने नवा लग आणि वीतभर उष्णता सोसणारी वायर घालून दिली. मजुरीसकट दोनशेच्या आत काम झालं. ऑर्डर वेळेवर गेली.

आता यातून शिकायचं काय? तो कारागीर लबाड होता की नाही, हे मला ठाऊक नाही. पण ‘काय काय?’ हा प्रश्न विचारायला आपण शिकलं पाहिजे. आपण डॉक्टरकडे गेलो की ‘बरं नाही’ एवढंच सांगत नाही. पोटात दुखतं, जेवल्यावर दुखतं, उजवीकडे दुखतं, असं सांगतो. तसंच ओव्हनचं सांगायचं. ‘चालत नाही’ असं न म्हणता ‘दिवा लागतो, वरचा रॉड लाल होतो, खालचा होत नाही’ असं सांगायचं. असं सांगणाऱ्या बाईला कोणी सहज फसवत नाही.

तो लग जळला कसा, तेही समजून घ्या. २,००० वॅटच्या ओव्हनमधून २३० व्होल्टवर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर वीज वाहते. सांधा घट्ट असेल तर ती सुखरूप जाते. सांधा सैल किंवा गंजलेला असेल आणि तिथे अर्धा ओहम जरी अडथळा आला, तरी त्या एका टिकलीएवढ्या जागेवर ३८ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची डाग द्यायची कांडी २५ वॅटची असते. म्हणजे तुमच्या सांध्यावर त्याहून मोठी तापलेली कांडी तासन् तास टेकवून ठेवली आहे असं समजा. सांधा जळणारच.

म्हणून अशा सांध्यावर डाग देऊन उपयोग नाही. साधारण १९० अंशांच्या आसपास ते कथिल-शिसं पातळ होतं. तिथे दाबून बसवलेला लगच हवा, किंवा चिनीमातीचा जोड. घरातली साधी वायरही चालत नाही. तिचं प्लास्टिक ७० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी असतं. ओव्हनच्या आत काचतंतूचं किंवा सिलिकॉनचं वेष्टण असलेली वायर घालायला सांगा. वायरमनने साधी वायर काढली तर त्याला थांबवायचं. दुकानात ‘हीटरची वायर’ म्हणून मागितली की देतात.

रॉड गेला की नाही, हे कसं कळेल? आधी डोळ्यांनी बघा. फुगलेला, तडकलेला, एका जागी काळा ठिपका पडलेला रॉड गेलाच म्हणायचा. चालू असताना सगळा रॉड सारखा लाल दिसायला हवा. मध्येच एखादा तुकडा जास्त झगझगत असेल तर तो थोड्या दिवसांचा सोबती आहे.

दुसरी परीक्षा मल्टीमीटरची. गटाने एक मल्टीमीटर घेऊन ठेवायला हरकत नाही, साधा असतो तो काही शेकड्यांत मिळतो. प्लग काढलेला, ओव्हन गार, रॉडच्या एका टोकाची वायर सोडवलेली, अशा वेळी मीटर ओहमवर लावायचा आणि रॉडच्या दोन टोकांना दोन सुया टेकवायच्या. किती आकडा यायला हवा? गणित सोपं आहे. २३० गुणिले २३० म्हणजे ५२,९००. याला रॉडच्या वॅटने भागा. १,००० वॅटचा रॉड असेल तर ५३ ओहम. ७५० वॅटचा असेल तर ७० ओहम. ५०० वॅटचा असेल तर १०६ ओहम. गार रॉडचा आकडा याहून किंचित कमी येईल, ते ठीक आहे. मीटर काहीच दाखवत नसेल, म्हणजे सुया टेकवण्याआधी जे दिसत होतं तेच दिसत असेल, तर आतली तार तुटली आहे. रॉड बदलायचा. एक लक्षात ठेवा, काही ओव्हनमध्ये दोन रॉड एकामागे एक जोडलेले असतात. तिथे दोन रॉड मिळून २३० व्होल्ट वाटून घेतात, म्हणून हे गणित दोघांच्या बेरजेला लावायचं, आणि एक गेला की दुसरा चांगला असूनही थंड पडतो. नवा रॉड घेताना जुना बरोबर न्या. लांबी, वाकण आणि वॅट, तिन्ही जुळायला हवेत.

तिसरं लक्षण. सगळं चालू आहे, पण भाजायला वेळ लागतो. पूर्वी वीस मिनिटांत होणारी बिस्किटं आता पस्तीस मिनिटं घेतात, तीही कोरडी, दगडासारखी. इथे बहुतेक वेळा दोष ओव्हनचा नसतो, व्होल्टेजचा असतो. आपल्या किनाऱ्याच्या गावांत, लाइनच्या शेवटी असलेल्या घरांत, संध्याकाळी व्होल्टेज पडतं. पंखा हळू फिरतो, हे आपण रोज बघतो. ओव्हनवर त्याचा परिणाम दुपटीने होतो. २,००० वॅटच्या ओव्हनला २०० व्होल्ट मिळाले तर तो सुमारे १,५०० वॅटचं काम करतो. १८० व्होल्ट मिळाले तर सुमारे १,२२५ वॅटचं. व्होल्टेज पाचव्या हिश्शाहून थोडं जास्त उतरलं, पण आच जवळजवळ चाळीस टक्क्यांनी उतरली. अशा वेळी रॉड बदलून काय होणार?

सॉकेटमध्ये खोचून आकडा दाखवणारा छोटा व्होल्टमीटर मिळतो, तो गटाच्या खोलीत लावा. आठवडाभर सकाळी, दुपारी, संध्याकाळी आकडा लिहून ठेवा. मग दोन गोष्टी करता येतील. एक, व्होल्टेज चांगलं असतं त्या वेळेला भाजणीचं काम ठेवा. आमचे दोन गट आता पहाटे पाचला भट्टी लावतात. दुसरी, ती वही घेऊन महावितरणच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या, किंवा १९१२ वर नोंदवा. ‘व्होल्टेज कमी असतं’ असं म्हणण्यापेक्षा ‘रोज साडेसात ते दहा १७५ व्होल्ट असतं, ही बघा वही’ असं म्हटलं की बोलण्याला वजन येतं.

एक्स्टेंशन बोर्डावर ओव्हन लावणंही असंच. पावणेनऊ अँपिअर ओढणारं यंत्र सहा अँपिअरच्या बोर्डावर लावलं तर बोर्ड तापतो, वायरीतच व्होल्टेज खर्च होतं आणि एक दिवस आग लागते. ओव्हनला १६ अँपिअरचं, मोठ्या पिनांचं, वेगळं सॉकेट हवं. त्याला एमसीबी वेगळी हवी.

चौथं लक्षण. ओव्हन जास्त तापतो, थांबत नाही. १८० वर लावलं तरी करपतं. हा थर्मोस्टॅटचा दोष. ओव्हन गार असताना त्याचं बटण शून्यापासून हळूहळू फिरवा, ‘टक’ असा आवाज यायला हवा. तो आवाज म्हणजे आतलं बटण मिटलं. आवाज येतच नसेल तर आतले टोक एकमेकांना चिकटलेले असू शकतात. काही ओव्हनमध्ये आत एक बारीक तांब्याची नळी असते, तिच्यात द्रव असतो. तापला की तो पसरतो आणि थर्मोस्टॅटला सांगतो, पुरे. ही नळी क्लिपमधून सुटून रॉडला टेकली तर ओव्हन लवकर बंद होतो आणि कच्चं राहतं. बाहेर निसटली तर ओव्हन थांबतच नाही. पुसताना तिला धक्का लागतो. म्हणून साफसफाई करताना नळीला हात लावू नका, वाकवू तर मुळीच नका.

थर्मोस्टॅट खरं बोलतो की खोटं, हे तपासायला साखर वापरा. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर ठेवा. ओव्हन १७५ वर पूर्ण तापवून वाटी पंधरा मिनिटं आत ठेवा. साखर तशीच राहायला हवी. मग नवी साखर घेऊन १९० वर ठेवा. आता वितळायला हवी. १७५ ला वितळली तर ओव्हन दाखवतो त्याहून जास्त तापतो. १९० ला वितळली नाही तर कमी तापतो. फरक थोडा असेल तर बटणाजवळ खडूने खरी खूण करून घ्या. फरक मोठा असेल तर थर्मोस्टॅट बदला.

आणि तो सुरक्षा-फ्यूज. तो उडाला म्हणजे ओव्हन कधीतरी भलताच तापला होता. काही कारागीर फ्यूज काढून तिथे साधी तार जोडतात आणि म्हणतात, “झालं काम.” हे काम नाही, ही आगीची सोय आहे. असं करू देऊ नका.

पाचवं लक्षण, आणि सगळ्यात महत्त्वाचं. ओव्हनला हात लावला की झिणझिण्या येतात, किंवा ओव्हन लावला की घरातलं ट्रिप बटण पडतं.

मैत्रिणींनो, इथे आपल्या किनाऱ्याची गोष्ट येते. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. हवेतली ओल मीठ ओढून घेतं. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात तेच मीठ असतं. ते ओव्हनच्या पाठीवर, सांध्यांवर, पिनांवर बसतं. पावसाळ्यात ओलं होतं. तांब्या-पितळेवर हिरवट थर येतो, लोखंडाला गंज चढतो. आणि रॉडच्या पोटातली ती पांढरी पूड आठवते ना? रॉड बरेच दिवस न वापरता पडून राहिला की टोकाकडून तीही ओल पिते. मग वीज अडवायचं काम तिला जमत नाही. वीज थोडी थोडी नळीवर, नळीवरून ओव्हनच्या पत्र्यावर येते.

अर्थिंग चांगलं असेल तर ती गळणारी वीज जमिनीत जाते आणि ३० मिलिअँपिअरचं गळती ओळखणारं बटण, ज्याला वायरमन आरसीसीबी म्हणतात, ते पडतं. अर्थिंग नसेल तर ती वीज आपल्या हाताची वाट बघत बसते.

आमच्याकडच्या एका गटात महिनाभर झिणझिण्या येत होत्या. “चप्पल घातली की लागत नाही,” म्हणून सगळ्या चप्पल घालून काम करत होत्या. एका दुपारी फरशी पुसलेली, एक काकू अनवाणी, आणि दाराच्या दांडीला हात. त्या मागे फेकल्या गेल्या म्हणून वाचल्या. हात चिकटला असता तर आज हे वेगळ्या आवाजात सांगावं लागलं असतं. वायरमनने बघितलं तर तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थची हिरवी वायर जोडलेलीच नव्हती, आणि घराबाहेरचा अर्थिंगचा खिळा खाऱ्या मातीत गंजून तुटला होता.

झिणझिण्या म्हणजे सूचना आहे. पहिल्या झिणझिणीलाच ओव्हन बंद, मेन स्विच बंद करूनच प्लग बाहेर, आणि वायरमनला बोलावणं. चप्पल हा इलाज नाही. ट्रिप बटण सारखं पडतं म्हणून ते काढून टाकणं हाही इलाज नाही, ते आपला जीव राखतं आहे. वायरमनला सांगा, अर्थिंग तपास, आणि रॉडला मेगर लावून बघ. मेगर हे यंत्र ५०० व्होल्ट लावून गळती बघतं, साध्या मल्टीमीटरला ती नेहमी सापडत नाही. रॉड नुसता ओलसर असेल तर तो काढून दुसऱ्या चालू भट्टीत मंद आचेवर दोन-तीन तास ठेवला की ओल निघते. मग पुन्हा मेगर लावायचा. तरी गळती असेल तर नवा रॉड.

कोणाला वीज लागलीच तर त्या बाईला हात लावायचा नाही. आधी मेन स्विच बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा कोरड्या बांबूने तिला बाजूला करायचं. लगेच १०८ ला फोन. बरं वाटतंय म्हणाली तरी दवाखान्यात न्यायचंच.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आलं, ते कोण विसरेल? खांब आडवे झाले, माडा-पोफळींच्या वाड्या झोपल्या, कित्येक गावं कितीतरी दिवस अंधारात होती. अशा वेळी वीज जाते तेव्हा नुकसान होतंच, पण वीज परत येते तेव्हाही होतं. न्यूट्रल तुटलेला राहिला तर घरात २३० ऐवजी ४०० च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. दिवे नेहमीपेक्षा झगझगीत दिसले की समजा काहीतरी बिघडलं आहे, ताबडतोब मेन स्विच बंद करा. वादळाचा इशारा आला की ओव्हनचा प्लग काढून ठेवायचा. वीज आल्यावर आधी एक दिवा लावून अर्धा तास बघायचं, मग ओव्हन. पाणी शिरलेला ओव्हन तर तपासल्याशिवाय लावायचाच नाही.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची? ओव्हन समुद्राकडच्या खिडकीजवळ आणि मोरीजवळ ठेवू नका. सुकी मासळी आणि ओव्हन एका खोलीत नकोत, मिठासाठीही नको आणि वासासाठीही नको. काम नसलं तरी आठवड्यातून एकदा वीस मिनिटं रिकामा तापवा, म्हणजे ओल धरणार नाही. गार झाल्यावर सुती कापडाने झाका. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, वायरमनकडून सांधे घट्ट करून घ्या, हिरवट थर घासून घ्या.

आता कुठे थांबायचं ते सांगते. सॉकेट इस्त्रीने तपासणं, टायमर, प्लग, दार, ट्रे, पाव आणि साखरेची परीक्षा, हे सगळं आपलं. प्लग काढून मागचा पत्रा उघडून बघणं आणि रॉडचा ओहम मोजणं, हे शिकलेल्या ताईने दुसरी जवळ असताना करायचं. सांधा बदलणं, थर्मोस्टॅट, अर्थिंग, मेगर आणि झिणझिण्या, हे परवानाधारक वायरमनचं. वीज चालू ठेवून ओव्हन उघडणं कोणाचंच काम नाही.

पुढच्या बैठकीसाठी तीन कामं देते. एक, ओव्हनच्या पाठीवरच्या पट्टीवरचे व्होल्ट आणि वॅट वहीत उतरवून घ्या. दोन, रिकामा ओव्हन १८० पर्यंत तापायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा आणि तारखेसह लिहा. उद्या तो आकडा वाढला तर बिघाड सुरू झाला हे तुम्हाला कारागिराआधी कळेल. तीन, अर्थिंग तपासलं का, हे अध्यक्षांनी बैठकीत विचारायचं आणि उत्तर इतिवृत्तात लिहायचं. हप्त्याची नोंद आपण चुकवत नाही, तशीच ही नोंद. आणि दरमहा नफ्यातून थोडी रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी ठेवा, म्हणजे रॉड गेला तर कोणाच्या गळ्यातलं गहाण पडणार नाही.

‘बायकांना विजेतलं काय कळतं’ असं अजून कोणी म्हणतं. वाद घालू नका. पुढच्या वेळी कारागीर आला की त्याला एवढंच सांगा, “खालच्या रॉडला ५३ ओहम येतात, रॉड चांगला आहे, सांधा बघा.”

सगळ्या सांभाळून काम करा. नमस्कार.